खवट हात

सगळे मान खाली घालून उभे होते, आणि नेमके तेव्हाच शेजारी उभ्या असलेल्या, प्रयोगशाळेतल्या वाकुईने ओठ न हलवता म्हटले, "तोगाशी-सान, रंग आला."

मिसाओ तोगाशीने मान वर केली नाही. मौन चालले होते. प्राणीगृहामागच्या स्मारकाच्या दगडापुढे दर वर्षी थंडी तोंडावर आली की सगळे मेडिकल कॉलेज जमायचे. वर्षभरात प्रयोगांत कामी आलेल्या उंदरांचे, सशांचे, डुकरांचे डीन कागदावरून आभार मानायचे, आणि मग एकेकाने पुढे होऊन पांढरी शेवंती ठेवायची. हामामात्सुचा कोरडा पश्चिमवारा फुले उडवून नेतो म्हणून देठांवर कुणीतरी वीट ठेवली होती. मेलेल्या जनावरांपुढे माणसे किती शहाण्यासारखी उभी राहतात, असे तिला दर वर्षी वाटायचे. आज तिला त्या विटेचाही राग आला. "किती?" तिने खालीच बघत विचारले. "होता तेवढाच. तसूभरही कमी नाही." "निरोगी उंदरात?" वाकुई जराशी घुटमळली. "त्यातही. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. काल मुलीला पाळणाघरातून न्यायला उशीर झाला, तिथल्या बाई केवढ्या बोलल्या मला, तरी परत केलं. वाटलं, माझेच हात चुकत असतील." "हातांचं नाव काढू नकोस," मिसाओ म्हणाली, आणि ते इतके मोठ्याने गेले की पुढच्या रांगेतले दोघे मौन मोडून वळून बघू लागले.

रंग यायला नको होता. सगळा मामला एवढाच होता, आणि तो एखाद्या शाळकरी पोराला सांगितला तरी कळला असता. डब्यातले तेल जसे खवट होते तशीच अंगातली चरबीही होते. रोगाने होते, वयाने होते, नुसते जगत राहिल्यानेही होते. त्या खवटपणाचा एक अंश पेशींतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो. तो अंश सशाला टोचला की सशाच्या रक्तात त्याला पकडणारे द्रव्य तयार होते, आणि ते रक्त गाळून उरलेले पिवळसर पाणी म्हणजे सीरम. काचेवर मांसाचा पातळ काप ठेवायचा, सीरम सोडायचे. खवटपणा असेल तिथे ते जाऊन बसते, मग रसायन घातले की तेवढीच जागा तपकिरी होते; आजारी उंदराची काच गडद, निरोगीची जवळजवळ कोरी. मिसाओचा सारा लौकिक या तपकिरी रंगावर उभा होता. परदेशी मासिकाच्या परीक्षकाने आता फक्त एक मागितले होते: आधी त्या सीरममध्ये तोच खवट अंश भरपूर मिसळून त्याची भूक भागवा, आणि मग काचेवर सोडा. भरल्या पोटी ते कुठेही बसणार नाही. काच कोरी राहील. काच कोरी राहिली तर लेख छापून येणार होता, आणि लेख आला तर मार्चमध्ये प्राध्यापकाची खुर्ची तिची होती. काच कोरी राहिली नाही. म्हणजे ते सीरम खवटपणा सोडून भलतेच काहीतरी खात होते, आणि किती वर्षे खात होते ते देवालाच ठाऊक.

पुढे तिचे गुरू, उबुकाता सेन्सेई, फूल ठेवत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, निवृत्त होऊनही मानाच्या जागी उभे, काठी कुणाच्या तरी हातात देऊन दोन्ही हातांनी शेवंती धरलेली. ते दगडापुढे इतका वेळ वाकले की मागची रांग खोळंबली. या माणसाने आपल्या सीरमसाठी किती ससे मारले असतील याचा हिशेब कुणीच ठेवला नव्हता. पण वाकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मिसाओला त्यांच्या मानेवरची पातळ पांढरी लव दिसली आणि तिला वाटले, तिथेच एक ठेवून द्यावी. असा विचार मनात येताच ती दचकली नाही, याचेच तिला नवल वाटले. परतताना ते तिच्यापाशी थांबले. "चल तोगाशी, मेलेल्यांचं झालं. आता जिवंतांच्या पोटाचं बघू." दर वर्षी या दिवशी सीरम सांभाळणाऱ्याला ते आपल्या घरच्या दुकानात भाजलेली वाम मासळी खाऊ घालत. गेली अनेक वर्षे सांभाळणारी तीच होती. "येते, सेन्सेई," ती म्हणाली. यायचेच होते तिला. आज तिला त्यांच्याकडून एक वाक्य हवे होते, आणि ते घेतल्याशिवाय ती उठणार नव्हती.

उबुकाता हे घराणे वाम भाजणारे. थोरला मुलगा, म्हणजे सेन्सेई, शिकून डॉक्टर झाला म्हणून दुकान धाकट्याकडे गेले, आणि धाकटा वारल्यावर त्याची बायको फुसाए ते चालवत होती. दुकानात एक मातीचे भांडे होते. त्यातला रस म्हणजे सोया, गोड दारू आणि भाजलेल्या वामीची गळलेली चरबी. तो कधी संपू द्यायचा नाही, खाली जाऊ लागला की वरून नवा ओतायचा. युद्धात बाँब पडले तेव्हा आजी देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या नावाच्या पाट्या टाकून हे भांडे दुलईत गुंडाळून पळाली, ही गोष्ट सेन्सेईंनी प्रत्येक विद्यार्थ्याला निदान दोनदा तरी ऐकवली होती. ती ऐकताना हसायचे असते आणि शेवटी "वा!" म्हणायचे असते. सीरमचेही त्यांनी तेच केले. पहिला ससा मेला तेव्हा उरलेल्या सीरममध्ये दुसऱ्याचे ओतले. मग तिसऱ्याचे. जुने आणि नवे एका बाटलीत घुसळायचे, नळ्यांत भरून गोठवायचे, आणि नळ्यांवर सशाचा नंबर न घालता नुसते "उबुकाता" लिहायचे. बाहेरचे लोक विचारत, हे कोणत्या सशाचे? आतले लोक गालात हसत. भूक भागवून बघायची चाचणी सेन्सेईंनी पहिल्या सशाच्या वेळी केली होती, पहिल्या लेखात छापली होती, आणि तेव्हापासून प्रत्येकाने आपल्या लेखात त्या लेखाकडे बोट दाखवले होते. पुन्हा करायची म्हणजे गुरूच्या ताटाला नाक लावून बघण्यासारखे होते. कुणी केली नाही. मिसाओनेही केली नाही. तिने उलट दर दोन-तीन वर्षांनी स्वतःच्या हाताने नवा ससा त्या बाटलीत ओतला, आणि ओतताना तिला आपण कोणीतरी आहोत असे वाटत असे.

स्वतःच्या हाताने. हा शब्द आला की ती अजूनही अंगठा मुठीत दडवायची. चोवीस वर्षांची असताना, पहिल्याच वर्षी, तिने निरोगी उंदरांच्या काचा सोमवारच्या बैठकीत ठेवल्या होत्या. सगळ्या तपकिरी. पडदे ओढलेल्या खोलीत सेन्सेईंनी भिंतीवरचे ते चित्र पाहिले, दिवा लावायला सांगितला, आणि म्हणाले, "तोगाशी, हात दाखव." तिने दाखवले. मासळीबाजारात गलफडे उघडून बघावे तसे त्यांनी तिचे तळवे उलटसुलट करून पाहिले. "हातांचं तेल लागलंय काचांना. खवट हात आहेत पोरीचे." सगळे हसले. सेन्सेई विनोद करत तेव्हा हसायचेच असते, तीही हसली. त्या हिवाळ्यात दर सोमवारी हात दाखवणे आले, आणि तिचे नावच 'खवट' पडले. बिअर ओतायला ती पुढे झाली की कुणीतरी ग्लास मागे घेऊन म्हणायचे, "नको बाई, खवटपणा उतरेल." ती दुहेरी हातमोजे घालू लागली. कोपरापर्यंत हात धुऊ लागली, औषधी साबणाने, बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त येईपर्यंत. मग इनुकाइ नावाच्या थोरल्या विद्यार्थ्याने तिला बाजूला घेऊन खरी कला शिकवली: निरोगी काचेवर रंग चढायला लागला रे लागला की धुऊन टाकायची, आजारी काच तेवढी सावकाश होऊ द्यायची. "याला हाताचा अंदाज म्हणतात," तो म्हणाला. "सगळे असंच करतात. सांगत कोणी नाही." तिला तो अंदाज जमला. इतका जमला की पुढे नव्यांना तीच शिकवू लागली. पण आपले हात मुळात वाईट आहेत आणि आपण ते कसेबसे ताब्यात ठेवले आहेत, ही खूणगाठ मनातून सुटली नाही. एका माणसाशी लग्नाचे जवळजवळ ठरले होते. सिनेमाला अंधारात त्याने हात हातात घेतला तेव्हा ती तो काढून घेऊन बाहेर गेली आणि धुऊन आली. तो म्हणाला, तुझ्या हाताला दवाखान्याचा वास येतो. ती म्हणाली, तोच बरा.

"अगंबाई, तोगाशीबाई! यंदा किती वाळलात हो!" फुसाएने गरम फडकी आणि चहा ठेवला. "भावोजी तुमचं रक्त काढतात की सशांचं?" उबुकाता खुश होऊन खोकले. "वाम-भाताचे दोन मोठे डबे दे. आणि तळलेले काटे." "काटे तुम्हाला चावता येणार आहेत का? परवाच कवळी मोडली. बाई, यांना हल्ली चवबिव काही कळत नाही बरं का. चहात मिरी घातली तरी पितील." "वास येतो अजून." "कसला येतोय! मंगळवारी गॅस तसाच फसफसत होता, शेजारीण धावत आली." ती हसत आत गेली. वाम जिवंत असते, चिरून, वाफवून, भाजून येईपर्यंत बराच वेळ जातो. तेवढा वेळ गिऱ्हाइकाने वास घेत बसायचे. तो चरबी जळल्याचा वास दुकानात भरून होता, भिंतींना, छताला, चहालाही. मिसाओने गरम फडके उचलले आणि बोट न बोट पुसले. पुन्हा एकदा पुसले. उबुकाता तिच्याकडे बघत होते. त्यांना ही सवय माहीत होती आणि त्यांना ती नेहमी मजेशीर वाटत आली होती.

टेबलावर लोणच्याची बशी होती, भाताच्या कोंड्यात मुरवलेली काकडी आणि मुळा. तिने ती हळूच दूर सरकवली. आईकडे असा कोंड्याचा लाकडी डबा होता, आईच्या आईपासूनचा. रोज उघड्या हाताने तळापासून ढवळावा लागतो, नाहीतर मरतो. आणि ज्याचा हात त्याची चव उतरते असे आई म्हणायची. आई शेवटच्या आजारात हॉस्पिटलात पडली तेव्हा तिने बाकी काही मागितले नाही, फक्त म्हणाली, "मिसाओ, घरी जाऊन कोंडा ढवळ गं तेवढा." मिसाओ रोज गेली. रोज रबरी मोजे घालून ढवळला. आईला सांगितले तर आई उशीवर हसली. "अगं, मोज्याला कुठली चव? हात घाल हात. तुझा हात कधीच नाही लागला त्याला." तिने घातला नाही. तिला खात्री होती की आपला हात लागला तर तो नासेल. तो तसाही नासला, वर काळी बुरशी आली, आणि आई गेल्यावर आठवड्यातच तिने तो डब्यासकट कचऱ्यात दिला. आज दुपारी मान खाली घालून उभी असताना, वाकुईने "निरोगी उंदरातही" म्हटले त्या क्षणी तिला लेख आठवला नाही, खुर्ची आठवली नाही. डबा आठवला. आणि समोर बसलेल्या या म्हाताऱ्याचा तिला इतका संताप आला की चहाच्या पेल्याला लावलेली बोटे पांढरी पडली.

"सेन्सेई, परीक्षकाची चाचणी झाली," ती म्हणाली. "रंग गेला नाही."

उबुकातांनी जेवायच्या काड्या तोडून जोडी वेगळी केली. "वाकुईने केली?"

"हो."

"तिचे हात—"

"तिचे हात स्वच्छ आहेत."

"मी कुठे काय म्हणतोय." फुसाएने मघाशीच ठेवलेल्या बशीतला वामीचा तळलेला काटा त्यांनी तोंडात धरला, चावता येईना तसा चोखू लागले. आत फुसाए पंख्याने निखारे फुलवत होती, तिचा हात थांबत नव्हता. "माझी आजी," ते म्हणाले, आणि मिसाओला वाटले, आता दुलईची गोष्ट. ऐकली तर आपण हा पेला फेकून मारू. पण ते दुसरेच बोलले. "माझी आजी ओतायच्या आधी चाखायची. करंगळी बुडवून. दर वेळी. जमलं नसेल तर नवा रस गटारात ओतायची, जुन्याला लागू द्यायची नाही. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही."

"तुम्ही नाही चाखलंत."

"एकदा चाखलं."

मिसाओने विचारले नाही. विचारायची गरज नव्हती. त्यांच्या तोंडातून ते आता आपणहूनच गळणार होते.

"तू त्या काचा आणल्यास ना, त्या सोमवारी. तुम्ही सगळे बिअर प्यायला गेलात. मी मागे राहिलो. तुझ्याच उंदरांचे काप घेतले, सीरमला पोटभर खाऊ घातलं आणि सोडलं." त्यांनी काटा बशीत ठेवला. "रंग आला."

फुसाएने डबे आणून ठेवले, झाकणे काढली. वाफ वर आली. "बाई, गरम आहे तोवर खा, भावोजींच्या बोलण्याला अंत नाही," म्हणत ती गेली. तिच्या पाठीमागे दोघेही त्या चकचकीत तपकिरी तुकड्यांकडे बघत राहिले.

"तुम्हाला माहीत होतं," मिसाओ म्हणाली. आपला आवाज एवढा सपाट कसा, ते तिला कळेना. "माहीत असून दर आठवड्याला हात दाखवायला लावलेत."

"अकरा जण होते त्या सीरमवर. इनुकाइचं लग्न ठरलं होतं, डॉक्टरेट झाली तर मुलगी देणार होते. कोणाचे तरी हात खराब असणं भाग होतं. तू सगळ्यांत नवी." ते भात काड्यांनी सैल करू लागले. "आणि तू रडत नव्हतीस. मला वाटलं, ही टिकेल. टिकलीस की! बाकीचे दहा कुठे आहेत? औषधं विकतात." मग जणू मिरीची डबी मागावी इतक्या सहज ते म्हणाले, "तुझे हात स्वच्छ होते, तोगाशी. झालं? हेच ऐकायला आलीस ना? आता जेव. उद्या नवा ससा आहे, ओतून टाक. परीक्षकाला लिही, ही चाचणी पहिल्या लेखात छापलेली आहे. मार्चमध्ये खुर्चीवर बस, मग काय करायचं ते कर. तुझं राज्य."

हेच वाक्य. किती वर्षे तिने ते त्यांच्या तोंडी घालून पाहिले होते, आंघोळीच्या टबात, बसमध्ये, झोप येत नसताना. कधी ते रडत म्हणत, कधी सगळ्यांसमोर वाकून म्हणत. आणि आता ते भाताबरोबर आले होते, नव्या सशाच्या बदल्यात. तिला वाटले होते, ऐकताच काहीतरी सुटेल. काही सुटले नाही. उलट आत जे एवढी वर्षे पातळ होते ते घट्ट झाले. तिने काड्या खाली ठेवल्या, हाताने एक तळलेला काटा उचलला आणि कडकडून चावला. मग दुसरा. बोटांना तेल लागले, मीठ लागले. तिला भूक लागली होती.

"ओतणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लेख मागे घेते. आणि आधीचे, या सीरमवरचे, सगळे."

"आधीचे तुझेच आहेत."

"माझेच आहेत. म्हणून तर मला घेता येतात."

"खुळी आहेस. खुर्ची जाईल. टोकियोचा कोणीतरी येऊन बसेल आणि पहिल्याच दिवशी माझा फ्रीजर रिकामा करेल."

"करू दे."

उबुकातांच्या ओठाला भाताचे शीत लागले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिले, आणि तिच्या ध्यानात आले की ते आता खरोखर घाबरले आहेत. खुर्चीसाठी नव्हे, तिच्यासाठी तर मुळीच नव्हे. "मग माझं काय?" ते हळू आवाजात म्हणाले. "लोक मला काय म्हणतील?"

"म्हणतील, उबुकातांचे हात खवट होते."

तिला बरे वाटले. खरे सांगायचे तर फारच बरे वाटले. म्हाताऱ्या माणसाला असे बोलून बरे वाटू नये, हे तिला कळत होते आणि तरी वाटत होते. उबुकाता ओठावरचे शीत तसेच ठेवून आपल्या हातांकडे बघू लागले. पालथे केले, उताणे केले. तिने त्यांना बघू दिले. मग आपला डबा शेवटच्या कणापर्यंत संपवला, कारण वाम चांगली भाजली होती आणि त्या वामीने तिचे काही वाकडे केले नव्हते. फुसाएने "अजून भात घालू?" विचारले तर ती हो म्हणाली. उबुकातांचा तुकडा डब्यात तसाच गार होत गेला. निघताना ती नेहमीसारखी वाकली, नेहमीइतकीच, आणि म्हणाली, "जेवण छान होतं, सेन्सेई."

दाराजवळ हात धुवायची मोरी होती. पाय आपोआप तिकडे वळले, बाह्या आपोआप वर गेल्या, नळ सुटला. पाणी बर्फासारखे होते. तिने बोटे त्याखाली धरण्याआधी नाकाशी नेली. चरबी, धूर, सोया, काट्यांचे तेल. तिच्या बोटांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खाण्याचा वास येत होता. आई असती तर ती बोटे धरून तिने कोंड्याच्या डब्यात कोंबली असती. डबा राहिला नव्हता, आई राहिली नव्हती, आणि दोन्ही गोष्टींची भरपाई या वासाने होणार नव्हती. मिसाओला एकदम रडू आले, मोरीच्या कडेला धरून, आत फुसाए भांडी घासत असताना, चांगले आवाज करून. मग तिने नळ बंद केला.

बाहेर वारा होता तसाच होता. तिने खिशातून फोन काढला आणि वाकुईला लावला. मागे पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता. "उद्याचं नव्या सशाचं सीरम बाटलीत ओतू नकोस," मिसाओ म्हणाली. "वेगळं ठेव. नळीवर त्याचाच नंबर लिही."

"पण तोगाशी-सान, जुन्याचं काय करायचं?"

"ते तसंच राहू दे. आणि हे बघ, तुझ्या काचा बरोबर आल्या होत्या. तुझे हात चांगले आहेत."

पलीकडे पोरगी आणखी जोरात ओरडली आणि "बरं, ठेवते हं," म्हणत वाकुईने घाईने फोन बंद केला. मिसाओने फोन खाली घेतला. रस्त्यावरच्या दिव्यात त्याच्या काचेवर तिच्या बोटाचा तेलकट ठसा उमटलेला दिसत होता, रेघ न रेघ. सवयीने दुसऱ्या हाताने बाही ओढली, पुसायला. मग ती बाही तिने सोडून दिली आणि फोन तसाच खिशात टाकला.